भस्माची तीन बोटं

रेणापूरच्या पुढे दोन कोसांवरच्या गावात मडिवाळप्पा गवंडी राहायचा. मी त्याला पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यानं माझं ओळखपत्र मागितलं. दाखवलं, तर मला उन्हात उभं केलं, मान डावीकडे-उजवीकडे वळवायला लावली आणि फोटोशी ताडून पाहिली.

"फोटूत मिशी हाय," तो म्हणाला.

"काढली."

"का?"

मी उमरीचा रामकिशन, नांदेडच्या एका ऊर्जा संशोधन केंद्रात कंत्राटी सहायक. सायकलवरून आलेला, घामाघूम झालेला, आणि हा मनुष्य माझ्या मिशीची चौकशी करतोय. मी चिडलो. माझा स्वभावच तसा, नाकाच्या शेंड्यावर राग. पुढे त्याच्याशी माझं जमलं ते भांडूनच जमलं.

मडिवाळप्पाला गावात सगळे अप्पा म्हणत, आणि पाठीमागे संशय्या म्हणत. वीट घ्यायची तर दोन विटा एकमेकींवर वाजवून कानाशी धरायचा. सिमेंटचं पोतं दुकानदाराच्या काट्यावर मोजून झालं की स्वतःच्या तराजूत पुन्हा मोजायचा. दुसऱ्याचा ओळंबा त्यानं उभ्या आयुष्यात वापरला नाही. म्हणायचा, "दोरी कुणाची, वजन कुणाचं, मला काय ठाव? भिंत माझी वाकडी दिसंल." तरुणपणी दगडाखाली सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं वरचं पेर गेलं होतं. तेव्हापासून तो दगडावरही भरवसा ठेवत नाही, असं त्याची बायको गुरम्मा हसत सांगायची. त्या तुटक्या बोटामुळे त्याच्या कपाळावरचं भस्मही वेगळं दिसे. वरची रेघ ठसठशीत, खालची ठसठशीत आणि मधली अर्ध्यावर पुसट होत गेलेली.

ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा झाला. लोकांनी पेढे वाटले. अप्पानं पेढा खाल्ला आणि विचारलं, "जुन्या जिल्ह्यात माझे कागद हायेत, ते कोण आणून देणार?" दोन वर्षं त्याचा सातबारा खरंच कुठे अडकला ते कुणाला सापडलं नाही. तेव्हापासून गावात त्याच्या संशयाला जरा मान मिळायला लागला.

आता मी त्याच्याकडे का गेलो ते सांगतो.

आमच्या केंद्राचे प्रमुख विरूपाक्ष सर हे पवनचक्कीचे माणूस. सहा वर्षं त्यांनी विहिरीचं पाणी उपसणारी पवनचक्की करण्यात घातली होती. हळू वाऱ्यावर फिरणारी, गावातल्या लोहाराला दुरुस्त करता येईल अशी. ती जवळजवळ जमलीच होती. आणि मग सरकारी धोरण बदललं. पवनचक्कीच्या संशोधनाचं अनुदान आटलं आणि गोबर गॅसला भरभरून सुरू झालं. एका पावसाळ्यात आम्ही सगळे वाऱ्याचे तज्ज्ञ होतो, दिवाळीपर्यंत शेणाचे तज्ज्ञ झालो. पवनचक्की केंद्राच्या मागच्या अंगणात उभी राहिली. तिच्यावर धुणं वाळत घालायचं चौकीदाराच्या बायकोनं सुरू केलं तेव्हा सरांनी त्या बाजूची खिडकी बंद करून घेतली. मला एकदा म्हणाले, "रामकिशन, ज्या प्रश्नाला पैसे आहेत तोच प्रश्न आपल्याला पडतो. ही सवय लागते बरं का." हे ते हसून म्हणाले, पण मला ते हसणं आवडलं नाही.

नव्या जिल्ह्याला स्वतःचं टार्गेट होतं. इतके गोबर गॅस बांधून दाखवायचेच. आमची एक खोली लातुरात भाड्यानं घेतली आणि मला तिथे बसवलं. माझी नेमणूक अकरा-अकरा महिन्यांची, अनुदान आलं तर पुढची. हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवतो आहे.

पंच्याऐंशी साली पाऊस आला नाही. हिवाळ्यातच विहिरी तळाला गेल्या, गावोगाव टँकर सुरू झाले. आणि आम्ही काय बांधत होतो? तर चार जनावरांच्या शेणात रोज पाच घागरी पाणी कालवावं लागणारा गॅस. मान्य यादीत तेच एक मॉडेल होतं, अनुदान त्यालाच होतं. गॅसच्या खड्ड्यावरचा विटांचा घुमट बांधायला चांगला गवंडी हवा म्हणून रेणापूरच्या सिमेंटवाल्यानं मला अप्पाचं नाव सांगितलं होतं.

अप्पानं मी दिलेला गॅसचा नकाशा उलटसुलट करून पाहिला.

"पाणी कुठनं येणार?"

"ज्याचा गॅस त्यानं बघायचं."

"मंग सरकार पैशे कशाचे देतंय? गॅसचे का खड्ड्याचे?"

मी म्हणालो, घुमट बांधून फोटो काढला की अनुदान सुटतं.

"म्हंजे खड्ड्याचे," तो म्हणाला आणि नकाशाची घडी घालून माझ्या हातात दिली.

आठ दिवसांनी तो स्वतःच लातूरच्या खोलीवर आला. एसटीच्या तिकिटावरचा आकडा आणि दिलेले पैसे जुळतात का हे मला दोनदा बघायला लावलं, आणि मग म्हणाला, "भिजवलेला चुना वाळूवर टाकला की काय हुतं? पाणी खाली निथळतं, लगदा वर ऱ्हातो. तुमच्या गॅसमधनं जो काला भायेर पडतो, तो वाळूवर का टाकत न्हाई? खाली रांजण पुरा. निथळलेलं पाणी दुसऱ्या दिशी परत शेणात कालवा. नवं पाणी लागंल एक-दोन घागरी."

मी ते तसंच्या तसं सरांना कळवलं. सर स्वतः नांदेडहून आले, अप्पाच्या अंगणात उकिडवे बसले, वाळूतून पाणी निथळताना तासभर पाहत राहिले. कित्येक महिन्यांनी मी त्यांचा चेहरा असा उजळलेला पाहिला. त्यांनी प्रस्ताव लिहिला आणि त्याला नाव दिलं 'एका घागरीचा गोबर गॅस'.

"मी एक-दोन म्हणालो हुतो," अप्पा म्हणाला. "ह्यातली दुसरी कुठं गेली?"

सर म्हणाले, "अप्पा, एक म्हटलं तर वरचे लोक कागद वाचतात. एक-दोन म्हटलं तर फाईल खाली जाते."

प्रस्ताव मंजूर झाला तो त्या एका घागरीवरच. अट अशी होती, की माघापासून वैशाखापर्यंत, ऐन टंचाईत, एका घागरीवर रोज तीन तास आच दिली तर मॉडेल मान्य यादीत जाणार. मग जिल्ह्यात पुढचे सगळे गॅस ह्याच पद्धतीचे, सगळ्यांना अनुदान. नाही दिली, तर जुनं पाच घागरींचं मॉडेल चालू राहणार. म्हणजे कोरड्या गावांच्या अंगणात काय खणलं जाणार हे त्या एका अंगणात ठरायचं होतं. अप्पाला हे पुरतं कळलं होतं. म्हणून तर त्यानं गॅस स्वतःच्या दारात बांधला, दुसऱ्याच्या दारात बांधू दिला नाही.

आणि मग त्याचा संशय कामाला लागला. त्याचं म्हणणं असं, की सरांनी एक लिहिलंय, आता एक खरी करण्यासाठी कुणीतरी गुपचूप पाणी ओतणार. कोण? केंद्राचा माणूस. केंद्राचा कोण माणूस इथे येतो? मी. दर मंगळवारी आणि शुक्रवारी. बाकीच्या दिवशी अप्पा स्वतः घागर ओतून भिंतीवर कोळशानं रेघ मारायचा, आणि मी आलो की त्या रेघा वहीत उतरवायचो.

शेण कालवायच्या कुंडीवर त्यानं फरशीचं झाकण बसवलं. सकाळी शेण आणि घागर घालून झाली की झाकण आणि कुंडीच्या कडेवर मिळून भस्माची तीन बोटं ओढायची. झाकण हललं की रेघा तुटणार. हेच त्याचं कुलूप.

"कुलूप लावा की सरळ," मी म्हणालो.

"कुलपाला दुसरी किल्ली असती. भस्म पुसायला हात धजला पायजे. आन पुसून कुणी परत वढलं, तरी असलं बोट कुठनं आणणार?" असं म्हणून त्यानं ते तुटकं बोट माझ्या नाकासमोर नाचवलं.

रोज सकाळी आंघोळ, मग लिंगपूजा, मग झाकणाची तपासणी, मग शेण, असा त्याचा क्रम ठरलेला. पूजेला तो आतल्या खोलीत बसायचा. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन त्यावर नजर लावायची, ती अर्धा तास हलायची नाही. दारात बैल उधळला तरी मान वळायची नाही. दिवसातला तेवढाच अर्धा तास तो कुणावर संशय घेत नसे, असं मी गमतीनं म्हणायचो.

माघात आच छान लागली. निळी, सरळ. गुरम्मा त्यावर चहा करायची आणि आम्हाला पितळेच्या पेल्यातून द्यायची. ही बाई बोलायची थोडं, हसायची जास्त. एकुलती लेक निलंग्याला दिलेली. घरात दोघंच. टँकर आला की ती रांगेत उभी राहायची. घराला सहा घागरी मिळत. त्यातली एक गॅसची, एक अप्पाच्या आंघोळीची. बाकीच्या चार कुठे जातात हे अप्पानं विचारलं नाही. घरातलं पाणी हे बायकांचं खातं. मीही विचारलं नाही. माझ्या वहीत घरातल्या पाण्याचा रकाना नव्हता.

फाल्गुनात ऊन तापलं. होळीच्या आधी सर दोन पाहुण्यांना घेऊन आले. गुरम्मानं चहा ठेवला आणि अर्ध्यातच आच बसली. फुरफुरली, पिवळी झाली आणि विझली. तिनं पटकन चुलीत तुराट्या घातल्या, फुंकर मारली, घरभर धूर झाला. पाहुणे खोकत बाहेर आले. चहा आला, पण उशिरा आला. अप्पा खाली बघत बसला होता. वाळू तापल्यावर अर्धं पाणी वरच्या वर उडून जात होतं, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. त्यानं वाळूवर कडब्याच्या पेंढ्या पसरल्या, रांजणाला गोणपाट गुंडाळलं.

दोन-चार दिवसांत आच परत लागली. तीन तास, निळी, सरळ. अप्पा खूश झाला. मला म्हणाला, "बगा, सावलीनं काम केलं." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एका गोष्टीवर तपास न करता विश्वास ठेवला, आणि तो स्वतःच्याच डोक्यावर ठेवला.

चैत्र गेला, वैशाख आला. गावातले दोन गोठे छावणीला गेले, अप्पानं जनावरं कडब्यावर कशीबशी धरून ठेवली. गावच्या ओढ्यातलं डबकंही आटलं. आच मात्र बसेना. सर वहीतले आकडे पाहून म्हणाले, "हे फार चांगलं आहे." मग जरा थांबून पुन्हा म्हणाले, "फारच." आणि वही मिटली. समितीची तारीख ठरली.

समितीच्या तीन दिवस आधी, शुक्रवारी, मी गेलो तर अप्पा कुंडीपाशी बसलेला. वळून न बघता म्हणाला, "हिकडं या."

झाकणावर भस्माच्या तीन रेघा होत्या. तिन्ही ठसठशीत. मधलीसुद्धा.

"ही माझी बोटं न्हाईत," अप्पा म्हणाला.

मी वाकून पाहिलं.

"आकडेवाले, तुमी कवा आला?"

"आत्ता येतोय. सायकल बघा दारात."

"बोटं दावा."

मी भडकलो. म्हणालो, तीन महिने उन्हातान्हात येतोय, तुमच्या शिव्या खातोय, आणि तुम्ही मला चोर ठरवता? तो काही ऐकेना. त्यानं भस्माची वाटी आणली आणि माझा हात धरून बोटं त्यात बुडवली. मी रागानंच रेघांच्या बाजूला तीन बोटं ओढली. माझी बोटं जाड. माझ्या रेघा रुंद आल्या, त्या झाकणावरच्या बारीक होत्या.

"तुमी न्हाई," तो म्हणाला. त्याला जरा वाईटच वाटलं असावं, कारण मी असतो तर हिशेब सोपा होता.

तेवढ्यात गुरम्मा चहा घेऊन आली. तिनं झाकणाकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. दोन्ही पेले कट्ट्यावर ठेवले. खाली बसली आणि आपली तीन बोटं त्या तीन रेघांवर ठेवली. बरोबर बसली.

"टँकरचा भोंगा वाजला," ती म्हणाली. "गडबडीत मधलं बोट दाबून वढलं गेलं. रोज उचलून वढत हुते."

अप्पानं विचारलं, "रोज?"

"हाव."

"कवा?"

"तुमी पूजेला बसल्यावर."

"किती?"

"दोन घागरी."

"कुठल्या?"

गुरम्मानं पदर सारखा केला. तेव्हा अप्पानं तिच्याकडे नीट पाहिलं, विटेकडे पाहायचा तसं. मीही पाहिलं. केस राखेसारखे कोरडे. लुगड्याचा काठ मळानं कडक झालेला. ओठांना चिरा, मानेवर घामाचे थरावर थर. ही बाई दर मंगळवारी-शुक्रवारी माझ्या हातभर अंतरावरून चहा देऊन जात होती.

"आंघोळ?" अप्पानं विचारलं.

"वल्या फडक्यानं अंग पुसून राहिले. लिंगाला तांब्याभर पाणी ठिवते, तेवढं चुकवलं न्हाई. धुणं आठवड्याला." मग जरा चिडूनच म्हणाली, "काय मरायला लागले न्हाई मी. पाव्हण्यांम्होरं चहा अर्धा ऱ्हायला, तवा तुमी खाली बघितलं. तुमाला खाली बघताना मी कवा बघितलं नव्हतं. सगळ्या गावाला तुमी खाली बघायला लावता. मला ते बघवलं न्हाई. बास."

"फाल्गुनापसनं?"

"हाव."

अप्पानं झाकण सरकवलं, आत पाहिलं, पुन्हा ठेवलं. "मी सगळ्या दुनियेवर पाळत ठिवली," तो म्हणाला, पण कुणाला म्हणाला ते कळलं नाही. चहा तसाच निवला. गुरम्मानं तो परत आत नेला आणि फेकला नाही, भांड्यात ओतून ठेवला.

मी त्याच दिवशी नांदेडला फोन लावला. सरांना सगळं सांगितलं. मग सर म्हणाले, "घराच्या आतलं पाणी आपण मोजत नाही, रामकिशन. प्रस्तावात तसा रकाना नाही." मी म्हणालो, "मग काय करायचं?" ते म्हणाले, "समितीपुढे वही ठेवायची."

समिती आली. तीन माणसं, एक जीप. आच पेटवली, घड्याळ लावलं. आच दोन तासांच्या वर जात होती, निळी, सरळ. त्या दिवशी कुणी काही ओतलं नव्हतं, आधीचाच गॅस साठलेला. मुख्य साहेबांनी वही चाळली, मान डोलवली. "पाणी रोज एक घागर. बरोबर?"

सरांनी वहीकडे पाहिलं. मी सरांकडे. अप्पा म्हणाला, "ह्या बाईला इचारा."

साहेबांनी गुरम्माकडे पाहिलं. ती चौकटीत उभी होती. अप्पाकडे न बघता म्हणाली, "एकच."

तेव्हा अप्पा आत गेला. घरातल्या तीन घागरी एकेक करून बाहेर आणल्या आणि कट्ट्यावर ओळीनं मांडल्या. "ही एक गॅसची," तो म्हणाला. "ह्या दोन हिच्या अंगावरच्या. हिनं आंघोळ मोडली, धुणं मोडलं आन तुमच्या गॅसला पाणी पाजलं. मला ठाव नव्हतं. वही खोटी हाय. गॅस एका घागरीवर चालत न्हाई, तीनवर चालतो."

मी त्या क्षणी मनात हिशेब केला आणि मला वाटलं, झालं, जिंकलो! तीन म्हणजे पाचापेक्षा कमीच. दर गॅसमागे रोज दोन घागरी वाचणार. दुष्काळात ह्यापेक्षा काय पाहिजे? मी तसं बोलूनही दाखवलं. मुख्य साहेब चांगला माणूस होता, त्यानं मला समजावून सांगितलं. प्रस्ताव एका घागरीचा होता. एकाची चाचणी होती, ती नापास झाली. तीनचा प्रस्ताव कुणी केलेलाच नाही. नवा करायचा तर पुढच्या वर्षी, निधी असला तर. तोपर्यंत मान्य यादीत आहे तेच बांधायचं, कारण जिल्ह्याचं टार्गेट मार्चपासून लागू झालं आहे.

असा तीन घागरींचा खरा गॅस नापास झाला आणि पाच घागरींचा पास राहिला. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात जिल्ह्यात शेकड्यांनी घुमट बांधले गेले. फोटो निघाले. जिथे जिथे मी नंतर गेलो, तिथल्या कित्येक खड्ड्यांत कडबा ठेवलेला होता, एकात कोंबड्या. अप्पानं त्यातला एकही घुमट बांधला नाही. पुढच्या वर्षी निधी दुसऱ्या कशाला तरी गेला, सौर चुलींना वाटतं. सर सूर्याकडे वळले. पवनचक्की भंगारात गेली तेव्हा ते रजेवर होते.

पण मला सांगायचं आहे ते समितीनंतरच्या मंगळवारचं. समितीच्या दिवशी अप्पाकडेच राहिलेली वही आणायला मी गेलो. अप्पा दाराबाहेर कट्ट्यावर बसला होता, रस्त्याकडे तोंड करून. झाकणावर भस्म नव्हतं. घराच्या मागून तट्ट्याआडून पाणी पडल्याचा आवाज येत होता. तांब्या, मग पुन्हा तांब्या.

"आज चहा न्हाई," अप्पा म्हणाला. "दोन्ही घागरी हिच्या आंघोळीला दिल्या. बसा."

मी बसलो. दोघंही तो आवाज ऐकत होतो. मग तो म्हणाला, "शिमग्यानंतर एका दिशी तुमी पयल्या एसटीनं आलता. सायकल पंक्चर हुती."

मी तट्ट्याकडे पाहिलं.

"मी पूजेला बसलो हुतो. ही घागर घिऊन कुंडीपाशी हुती. हिनं तुमाला बघितलं, तुमी हिला बघितलं. काल सांगितलं हिनं. म्हणली, त्येंनी मान फिरवली, मला वाटलं भला माणूस हाय."

ते खरं होतं. मी तेव्हाच पाहिलं होतं. गुरम्मा, वाकलेली, घागर तिरकी, कुंडीत पाणी पडतंय. समितीच्या पावणेदोन महिने आधी. मी मान फिरवली, दारात जाऊन खोकलो, आणि वहीत लिहिलं 'एक'. चाचणी फसली असती तर माझे अकरा महिने तिथेच संपले असते. त्यानंतरही मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्या हातचा चहा प्यायलो. आणि त्या शुक्रवारी, अप्पानं माझी बोटं भस्मात बुडवली तेव्हा, मी किती रागावलो होतो!

"मी उगंच संशय घेतो म्हणत हुता," अप्पा म्हणाला. आवाज चढला नाही. तो नुसता माझ्या तोंडाकडे पाहत होता, ओळखपत्र ताडून पाहिलं होतं तसं. मग वही माझ्यापुढे सरकवली. "खोडा ते. तीन लिवा. रोज तीन, त्यातल्या दोन गुरम्माच्या. तुमच्या हातानं लिवा."

खिशात पेन होतं. तट्ट्यामागचं पाणी थांबलं होतं. मी म्हणालो, "सरांना विचारून लिहितो."

अप्पा हसला. तो हसल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. वही त्यानं माझ्या हातात दिली आणि सायकलपर्यंत पोचवायला आला.

मी सरांना कधी विचारलं नाही. माझी नेमणूक पुढच्या अकरा महिन्यांसाठी वाढली, मग आणखी. अप्पा गेला, गुरम्मा त्याच्या आधी गेली. वही माझ्या पेटीत आहे, तिच्यात फाल्गुनापासून वैशाखापर्यंत प्रत्येक पानावर माझ्या अक्षरात 'एक' लिहिलेलं आहे. आज मी ती बाहेर काढली आणि शिमग्यानंतरच्या त्या दिवसाच्या पानावर 'एक' खोडून लिहिलं. रोज तीन घागरी, त्यातल्या दोन गुरम्माच्या. मी पाहिल्या होत्या.